पाचवा आकडा

१२ मार्च

भाऊजी,

नमस्कार. आम्ही दोघी मायलेकी ठीक आहोत. ताईच्या शिवणाच्या दुकानात मला काज-बटणांचं काम मिळालंय. डोळे दुखतात, पण दिवस जातो.

चौकशीचा अहवाल परवा पोस्टानं आला. अकरा पानं. त्यातली दहा मला कळली नाहीत आणि अकरावं नको इतकं कळलं. ‘बसवताना ऑपरेटरच्या उघड्या हाताचा खिडकीला स्पर्श झाला असण्याचा संभव आहे.’ म्हणजे तुमच्या दादांनी हातमोजे न घालता ती लेझरची खिडकी धरली, बोटाचा डाग राहिला, यंत्र चालू झाल्यावर डाग तापला, खिडकी फुटली आणि तुकडा त्यांच्याच मानेत घुसला. थोडक्यात काय, त्यांची चूक, त्यांना भोवली.

घरी आल्यावर पाच मिनिटं हात धुतल्याशिवाय जो माणूस पाण्याच्या भांड्याला शिवत नव्हता, तो असं करेल? मी थट्टा करायचे, अहो, कातडी झिजून जाईल, मग हाडं धुवावी लागतील. तुम्हीही हसायचात.

पण भाऊजी, एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. त्या सकाळी आमची बोलाचाली झाली होती. डब्यावरून. तेच तेच देते म्हणाले, मीही ऐकून घेतलं नाही. डबा ओट्यावर तसाच ठेवून निघून गेले. मन ठिकाणावर नसलेला माणूस हातमोजे विसरू शकतो का? तुम्ही त्याच कामातले, तेव्हा तुम्हीच सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

आणखी एक. हसू नका. दुपारी चारच्या सुमाराला मोरीतला नळ सुटल्याचा आवाज येतो. कुणीतरी सावकाश हात धुतंय, असा. जाऊन बघावं तर नळ बंद आणि फरशी कोरडी. हे घर ताईचं. इथे ते कधी राहिले नाहीत. नळ कुठे आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

खारू नमस्कार सांगते.

वहिनी


२१ मार्च

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. खारूला आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी एक सांगतो. स्वतःला मुळीच दोष देऊ नका. घरोघरी डब्यावरून बोलणी होतात. त्यानं माणसं मरत नाहीत.

आता खिडकीचं. आमचा लेझर म्हणजे न दिसणारा उजेड. अवरक्त म्हणतात त्याला. साध्या काचेतून तो जात नाही, काच तो गिळते आणि तापते. म्हणून झिंक सेलेनाइड नावाच्या पिवळसर पदार्थाची खिडकी लागते, बशीएवढी. तीही थोडा उजेड गिळतेच. चांगली खिडकी हजार भागांतला एक गिळते. एवढं चालतं. पण दादा काम करायचा त्या हॉलमधला किरण इतका जबर की एकाऐवजी आठ-दहा भाग गिळले, तर खिडकी आतून तापत जाते, फुगते आणि तडकते. बोटाचं तेल लागलं तरी तेवढं होऊ शकतं. अहवालवाल्यांनी ‘संभव’ म्हटलंय ते त्यामुळे.

दादा विसरला असेल का? वहिनी, खरंच सांगता येत नाही. माणूसच तो.

नळाला मी हसत नाही. हसायची सोय राहिलेली नाही. माझ्या खोलीत खिडक्या मोजतात, ते तुम्हाला माहीतच आहे. बंद पेटीत खिडकी बारीक दोऱ्यांवर टांगायची, तिला केसाएवढी तापमापक तार चिकटवायची, किरण सोडायचा. खिडकी तापते ती अंशाच्या एका कणाएवढी. ते तापणं सरकत्या कागदावर पेन काढत जातं. इतकं नाजूक काम की पेटीजवळ कुणी उभं राहिलं तरी त्याच्या अंगाची ऊब कागदावर उमटते. दादा रोज पावणेअकराला चहाचा कप घेऊन यायचा आणि नेमका पेटीला चिकटून उभा राहायचा. मी ओरडायचो, ‘दादा, दोन पावलं मागे हो, तू कागदावर येतोयस.’ तो म्हणायचा, ‘येऊ दे रे बारक्या. तेवढीच माझी नोंद.’

महिनाभर झाला, पावणेअकराला पेन आपोआप चढतंय. किरण बंद असतो. पेटीजवळ कुणी नसतं. मी तार बदलली, पेटी बदलली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, वातानुकूलन यंत्राचा दोष. यंत्र दोन दिवस बंद ठेवलं. तरी चढलं.

हे दुसऱ्या कुणाला सांगू नका. लोक मला वेड्यात काढतील.

तुमचा
बारक्या


३० मार्च

भाऊजी,

‘माणूसच तो’ हे तुमचं वाक्य मी चार वेळा वाचलं. दादांच्या बाबतीत तुम्ही असं लिहाल असं वाटलं नव्हतं. लहानपणी त्यांनी कपाट पाडलं तरी ‘मी पाडलं’ म्हणून मार खाणारे तुम्ही.

असो. लिहायचं होतं ते खारूबद्दल. अहवाल मी कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. तिनं तो काढून वाचला. चौदा वर्षांची आहे, मला न कळलेली दहा पानंसुद्धा तिला कळली असतील. तेव्हापासून ती हात धुते. आधी मला वाटलं, बापावर गेली. आता दिवसातून तीस-तीस वेळा धुते. आरशाला, पेल्याला, चष्म्याच्या काचेलाही बोट लावत नाही. चष्मा फडक्यात धरून घालते. वर्गातल्या कुणीतरी विचारलं, तुझे बाबा कशानं गेले, तर म्हणाली, ‘निष्काळजीपणानं.’ हा शब्द तिचा नाही. अहवालातला आहे.

परवा मी तिचे हात बघितले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात. मलम लावायला गेले तर हात मागे घेतला. म्हणाली, ‘आई, तेलकट लागेल.’

नळाचा आवाज अजून येतो. आता खरा कुठला आणि खारूचा कुठला, ते मला ओळखू येत नाही.

म्हणून नीट विचारते. अहवालात लिहिलंय, मोजणीच्या वेळी खिडकी निर्दोष होती, त्यामुळे दोष नंतर, म्हणजे बसवतानाच आला असणार. बोट लागलं या म्हणण्याला एवढाच आधार दिसतो. मोजणी कुणी केली होती? तुम्हीच ना? कशी केली ते मला सगळं लिहा. मी काजं करणारी बाई आहे, बारकाव्याला कंटाळत नाही.

वहिनी


११ एप्रिल

ती. वहिनी,

खारूचं वाचलं. तिला म्हणावं, काकानं सांगितलंय, इतके हात धुवायचे नाहीत. तिला डॉक्टरांकडे न्या. उशीर करू नका.

मोजणी मीच केली होती. रीतीप्रमाणे. खिडकीच्या पाच जागा मोजतात, एक मधली आणि चार कडांच्या. एक जागा तारेच्या अगदी जवळ येते. तिथे कधी कधी विखुरलेला उजेड सरळ तारेवरच पडतो आणि आकडा उगीच मोठा दिसतो. तापलेली असते तार, खिडकी नव्हे. म्हणून पाचातला एक विसंगत आला तर तो बाजूला ठेवायची आमच्याकडे रीत आहे. सगळे तसंच करतात. मला शिकवलं त्यांनीही तसंच शिकवलं. सगळं नियमात होतं.

बाकी इथे विशेष नाही. माझी झोप बरी नाही. हॉलमध्ये नवा ऑपरेटर आलाय, चांगला आहे, फक्त फार शिट्ट्या मारतो. शिपाईसुद्धा आता मला ‘बारक्यासाहेब’ म्हणतो. दादानं सगळ्यांसमोर हाक मारून मारून नावच पाडून ठेवलं.

सांगू की नको असं होतंय, तरी लिहितो. सोमवारी पेन चढायला लागलं तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. तोंडातून सवयीनं निघून गेलं, ‘दादा, दोन पावलं मागे हो.’ वहिनी, पेन खाली आलं. सावकाश, माणूस मागे सरकल्यावर येतं तसं. मी दार उघडं टाकून बाहेर पडलो आणि जिन्यात बसून राहिलो.

मोजणीबद्दल आणखी विचारू नका. मला त्रास होतो.

तुमचा
बारक्या


२ मे

भाऊजी,

त्रास मलाही होतो, म्हणून थोडक्यात लिहिते.

पाच जागा मोजतात असं तुम्ही लिहिलंत. अहवालाला तुमच्या सहीचा जो तक्ता जोडलाय, त्यात चार आकडे आहेत. मी दिव्याखाली धरून बघितला. चारच.

पाचवा किती होता?

वहिनी


१० जून

भाऊजी,

सव्वा महिना झाला. तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं समजण्याइतकी मी भोळी नाही.

खारूच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्यात. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, ‘घरात हिला कशाची भीती घातलीय का?’ मी नाही म्हटलं.

वहिनी


१८ जून

ती. वहिनी,

नऊ.

बाकीचे चार हजारात एक, कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. पाचवा हजारात नऊ.

आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

उजेड तारेवर पडला की पेन चटकन वर उडतं आणि किरण बंद केला की चटकन खाली पडतं. खिडकी खरंच तापत असेल तर पेन सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. हा फरक पहिल्याच आठवड्यात शिकवतात. काल कामाला लागलेल्या पोरालाही तो ओळखता येईल. त्या दिवशी पाचव्या जागेवर पेन सावकाश चढलं आणि सावकाश उतरलं. मी ते बघितलं. नजर नीट होती, डोकंही ठिकाणावर होतं. तेवढ्या जागी खिडकीवरच्या पातळ लेपाखाली काहीतरी अडकलेलं असणार, धुळीचा कण असेल. हॉलमधला किरण खिडकीभर पसरतो, म्हणजे त्या जागेवरूनही जाणार, हेही मला माहीत होतं.

मग का गाळला? वहिनी, याला मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. पुन्हा मोजायचं म्हणजे खिडकी उतरवायची, तार काढून दुसरीकडे चिकटवायची, पेटी थंड होण्याची वाट बघायची. अख्खा दिवस. हॉलवाले दोन आठवडे खोळंबले होते आणि मुख्य साहेब दिवसातून तीनदा डोकावत होते. मी मनाशी म्हटलं, तारेजवळची जागा आहे, तारच असेल. रीत आहेच. चार आकडे लिहिले आणि सही केली.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी कागदाची ती गुंडाळी मी घरी आणली. चौकशीवाल्यांनी तक्ता मागितला, गुंडाळी कुणी मागितलीच नाही. मागितली असती तर दिली असती, असं मी आठ महिने स्वतःला सांगत आलोय. ते खोटं आहे. दिली असती तर मी ती घरी कशाला आणली असती?

त्यांनी मला विचारलं होतं, ‘मोजणीत काही वावगं आढळलं का?’ मी ‘नाही’ म्हणालो. तिथून पुढे बोट लागलं असणार, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. माझ्या एका ‘नाही’मुळे दादाचा हात दोषी ठरला. दादानं हातमोजे घातले होते की नाही, हे मला विचारायचीही गरज नव्हती. घातलेच असणार.

मे महिन्यात तुमचं पत्र आलं, त्याच दिवशी मी पावणेअकराचा कागद फाडून घरी नेला. तो आपोआप चढणारा. जुनी गुंडाळी काढून पाचव्या जागेची रेघ त्याच्यावर ठेवली आणि दोन्ही कागद उजेडासमोर धरले. चढ तोच. उतारही तोच. दोन रेघा वेगळ्या दिसत नव्हत्या. मग बाकीच्या दिवसांचे कागद आणून तेही बघितले. सगळे तेच. रोज तो मला तीच रेघ काढून दाखवत होता, आणि मी तारा बदलत बसलो होतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक राहिलंय. तेच लिहायला सगळ्यात जड जातंय. मोजणी झाली तेव्हा दादा खोलीतच होता. खिडकी न्यायला आला होता. त्यानं कागद बघितला. म्हणाला, ‘हा पाचवा असा का रे?’ मी म्हटलं, ‘तारेवर उजेड पडतो, दादा.’ त्यानं माझ्याकडे बघितलं आणि ‘बरं’ म्हणाला. पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या शब्दावर तो त्या खिडकीजवळ उभा राहिला.

काल मुख्य साहेबांच्या टेबलावर मी सगळं लिहून ठेवलं. गुंडाळीतला तो तुकडा कापून सोबत पाठवतोय, त्याची नक्कल त्यांच्याकडे आहे. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘उद्यापासून त्या खोलीत येऊ नका.’ पुढे काय होईल माहीत नाही. तुमचा त्या सकाळी काही दोष नव्हता. हे मी मार्चमध्येही लिहिलं होतं. तेव्हा ते लिहायचा मला हक्क नव्हता, आताही नाही.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू?

बारक्या


२९ जून

भाऊजी,

पत्र मिळालं. कागदाचा तुकडाही मिळाला. एवढीशी रेघ. मी ती शिलाई यंत्राच्या खणात ठेवली आहे.

तुम्ही खरं लिहिलंत, आता माझी पाळी. डब्याचं मी खोटं लिहिलं होतं. आमची बोलाचाली डब्यावरून झालीच नव्हती.

आदल्या संध्याकाळी हे घरी आले, हात धुतले, बसले आणि मला म्हणाले, ‘उद्याच्या खिडकीचा एक आकडा जरा चढा आलाय. बारक्या म्हणतो, तारेवर उजेड पडला.’ मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपलं म्हटलं, मग पुन्हा मोजून घ्या की. ‘बघू,’ म्हणाले. सकाळी मी आठवण केली तर भडकले. ‘सगळ्यांदेखत मी माझ्या भावाच्या मोजणीवर शंका घेऊ? तो काय काल लागलाय कामाला?’ मी म्हटलं, भाऊ असला म्हणून काय चुकत नाही? त्यावर डबा तिथेच टाकून गेले. माझ्याशी बोललेला त्यांचा शेवटचा शब्द तुमच्या बाजूचा होता, भाऊजी.

चौकशीवाले माझ्याकडेही आले होते. त्यांच्यापुढे हे बोलायला माझी जीभ रेटेना. ज्या माणसानं तुमच्यासाठी माझ्याशी भांडण केलं, त्याच्या पाठीमागे मीच तुमचं नाव कसं घेऊ? वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल. दुःख थोडं उतरलं की सांगाल. अहवाल आला, तरी तुम्ही गप्प. म्हणून ते पहिलं पत्र. खोट्या डब्याचं ओझं मी मुद्दाम माझ्या डोक्यावर घेतलं. म्हटलं, वहिनी स्वतःला बोल लावून घेतेय हे बघून तरी तुमच्यानं राहवणार नाही. तुम्ही काय लिहिलंत? ‘स्वतःला मुळीच दोष देऊ नका.’ इतक्या खात्रीनं लिहिलेलं ते वाचलं आणि मला कळलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

एक आकडा गाळलात, ते मी एक दिवस गिळेन. घाई कुणाला नसते? पण ‘माणूसच तो’ हे दोन शब्द मला गिळता येत नाहीत. गेलेल्या भावाच्या अंगावर तुम्ही आपली चूक टाकलीत, तीही मायेनं समजूत घातल्यासारखी.

आणि माझंही ऐका. मार्चपासून मी खारूचे हात बघतेय. तिला एवढं तरी मी सांगू शकत होते की बाबांना खिडकीची शंका आली होती, ते बेफिकीर नव्हते. नाही सांगितलं. तुमच्या तोंडून येऊ दे म्हणून अडून बसले. तुम्ही कागद लपवलात, मी माझं तोंड. पट्ट्या पोरीच्या हाताला बांधल्या गेल्या. तेव्हा तुम्ही फार खाली आणि मी फार वर, असं काही समजू नका.

तुमच्या कचेरीतून काल पत्र आलं. अहवालातलं ते वाक्य काढून टाकतायत. मी वाचलं आणि घडी घालून ठेवलं. खारूला दाखवलं नाही. कागद वाचूनच तिनं बापाला दोषी धरलं होतं. आता आणखी एका कागदानं तिला तो परत मिळावा, असं मला वाटत नाही.

रविवारी दुपारी या. जेवायला या असं म्हणत नाही. तिच्यासमोर बसा आणि सांगा, तिच्या बाबांनी खिडकीला बोट लावलं नव्हतं. मग ज्यानं जे केलं तेही सांगा, रीत-बीत मध्ये न आणता. तुमचं झालं की माझं मी सांगेन. ती तुम्हाला काय बोलेल, मला काय बोलेल, सांगता येत नाही. मी मध्ये पडणार नाही.

ती रडली तर मी तिला जवळ घेईन. तुम्ही रडलात तर तुमचं तुम्ही बघा.

वहिनी